काठीला लागलेले हात

धुळवड, फाल्गुन वद्य प्रतिपदा

लिही. मागच्या वेळचं ऐकलंस का आधी? नसशीलच. परवा छत्री इथे विसरलीस, त्याच्या आधी चष्मा, आणि एकदा तर नवऱ्याला धक्क्यावर विसरून फेरीत चढलीस. अशा नातीच्या भरवशावर मी माझे दिवस फोनमध्ये बोलून ठेवते आहे, म्हणजे मी पण शहाणीच. तूच म्हणालीस, "आजी, भिंतीशी बोलतेस त्यापेक्षा फोनशी बोल. मी रविवारी लिहून काढीन." लाल ठिपका दिसतोय. बोलते. मी 'नाय' म्हणते तिथे तू 'नाही' लिहितेस, वाचून दाखवलंस तेव्हाच कळलं मला. लिही बाई. एवढी शिकलीस, कॉलेजात शिकवतेस, काहीतरी उपयोग व्हायला हवा.

काल संध्याकाळी होळीपुढे हरेशच्या हातात काठी दिली. पाड्याला परत पाटील झाला.

चांदीच्या कड्यांची ती काठी. ज्याच्या हातात ती, तो पाटील. पहिला नारळ त्याचा, लग्नाची सुपारी त्याच्या हातून, भांडण त्याच्या ओट्यावर मिटायचं. हरेशच्या बापाच्या, जनू पाटलाच्या हातून ती काढून घेतली, तेव्हापासून देवळाच्या कोपऱ्यात पडून होती. पाटलाच्या जागी कमिटी आली. कमिटी म्हणजे काय, तर एका गणपतीचे दोन मंडप आणि एका होळीच्या दोन होळ्या. लोक कंटाळले. म्हणाले, राजाच बरा, निदान एकाच्याच शिव्या खायच्या. गेले बोरिवलीला, बापाच्या मागे पाडा सोडून गेलेल्या पोराला गाडीत घालून घेऊन आले.

हरेश बोलला छान. "झालं गेलं खाडीला मिळालं. सगळ्यांना माफ." टाळ्या. मग म्हणाला, "फक्त ज्यांचे हात माझ्या बापाच्या काठीला लागले, त्यांना नाही."

टाळ्या थांबल्या नाहीत. वाईट त्याचं वाटलं.

हात लागले तिघांचे. एक तुझा आजा, तो वर जाऊन बसलाय. दुसरा माझा भाऊ सोमा. तिसरा पाड्यातलाच नंदू. नंदू कुठे होता माहितीये? हरेशच्या मागे, छत्री धरून. ऊन नाही, पाऊस नाही. छत्री!

रंगपंचमी

तू विचारलंस, तेव्हा नक्की काय झालं होतं. तेव्हा तू परीक्षेला बसली होतीस, तुला कुणी सांगितलं नाही.

जनू पाटील माणूस वाईट नव्हता. चुकला. किनाऱ्यावरची आपली बोंबील वाळवायची जागा, जिथे बांबू उभे असतात, ती एका हॉटेलवाल्याला देतो म्हणून शब्द देऊन बसला. कुणाला विचारलं नाही. पाटलानं शब्द दिला म्हणजे पाड्यानं दिला. मग पाटील बदलल्याशिवाय शब्द कसा फिरणार? जमात बसली देवळात. काठी ठेव म्हणाले. ठेवेना. तुझ्या आज्यानं वरून धरली, सोमानं खालून. नंदूनं पाटलाची बोटं उघडली, एकेक करून. नंदू आता म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. हो रे बाबा. बोटं सोडवायला.

जागा वाचली. जनू पाटील वाचला नाही. त्या नारळी पौर्णिमेला सगळा पाडा वाजत गाजत खाडीवर, आणि तो घरात भिंतीकडे तोंड करून. दिवाळी त्यानं बघितली नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. पाडा म्हणाला, मारला. दोन्ही खरं असेल.

आणखी एक. त्या दिवशी सकाळीच धर्मीनं, जनू पाटलाच्या बायकोनं, मला कालवण पाठवलं होतं, तिच्या पितळेच्या वाटीत. ती आणि मी परकर नेसत होतो तेव्हापासूनच्या. दुपारी आमचा म्हातारा, तुझा आजा, घरी आला आणि जेवायला बसला. नवऱ्याची काठी काढून आला आणि बायकोचं कालवण भुरकलं. वाटी बोटानं पुसून खाल्ली.

ती वाटी अजून माझ्या फळीवर आहे. रिकामी वाटी परत करू नये, हे तुला पण माहीत आहे, निदान चार दाणे साखर तरी. पण त्या वाटीत काय घालून देणार होते मी?

चिंच लावून घासते मधून मधून. बाकी ठीक. कंबर दुखते.

फाल्गुन अमावास्या, उधाण

सकाळी देवळात गेले. घंटेला हात वर केला. हाताला हवा लागली.

म्हाताऱ्यानं दिलेली घंटा होती. कडेला त्याचं नाव. मला वाचता येत नाही, पण ते नाव माझ्या अंगठ्याला पाठ होतं. एक बाक, एक खड्डा, मग सरळ. रोज वाजवायच्या आधी अंगठा फिरवायचे. तेवढंच त्याला म्हणायचे, उठलास का?

पुजारी खाली बघत म्हणाला, "पाटलांनी सांगितलं." घंटा कुठे आहे ते त्याला माहीत नाही म्हणे. दुपारी नवीन लावली, जनू पाटलाच्या नावाची. आवाज पातळ आहे. स्टीलच्या डब्यावर चमचा मारल्यासारखा.

सोमाच्या दाराला कुलूप घातलं नंदूनं. आतून सोमाची उशी तेवढी घेऊ दिली. उशी आणि भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर घेऊन तो तुझ्याकडे मुलुंडला आला. नीट ठेव त्याला. त्याला रात्री कूस बदलताना खोकला येतो, घाबरू नकोस. तो असाच.

गुढीपाडवा

तू येऊन गेलीस. डबा विसरलीस. (हे लिहिलंच पाहिजे.)

तू ती विलायतेची गोष्ट सांगितलीस, ती डोक्यात राहिली. तिथल्या लोकांनी राजाचं मुंडकं उडवलं. मग त्यांचं आपसात पटेना, म्हणून त्याच राजाच्या मुलाला बोलावून गादीवर बसवलं. तो म्हणाला सगळ्यांना माफ, फक्त बापाला मारणाऱ्यांना नाही. मग एकेकाला हुडकून काढलं. पळाले त्यांच्या मागे समुद्रापार माणसं धाडली. आणि जे आधीच मेले होते त्यांना थडग्यातून काढून फाशी दिलं.

मी म्हटलं, "मेलेल्याला फाशी? त्याला काय दुखतंय?"

तू म्हणालीस, "ज्याला दुखतं त्याच्यासाठीच देतात आजी."

मग आपण दोघी घंटेच्या दिशेनं बघत बसलो.

तू म्हणालीस कायदा आहे, पोलिसात जाऊ. बाई गं, पोलिसात जाऊन आल्यावर मला इथेच राहायचंय. कायदा चारकोपला राहतो, तुझ्या बापासारखा. सणाला येतो, जेवतो, शेवटची फेरी पकडतो.

चैत्र, अष्टमी. भांग.

भांगाची भरती, पाणी कमी. माणसं कमी.

आज कुणी बोललं नाही. मेरीबाय सोडून. ती पलीकडच्या चर्चमागे राहते, तिला पाटील लागू नाही. पाव देऊन गेली. म्हणाली, "काय गो काशीबाय, तुमचा राजा तुझ्यावर कसला रागावलाय? तू तर काठीला हात पण नाय लावला." म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा लागला, आणि नवऱ्याला माझा. लागण झाली."

हसलो दोघी. ती गेल्यावर मी एकटी थोडी उगाच हसले.

चैत्र पौर्णिमा

गावदेवीची पालखी. आपल्या ओट्यापुढे थांबते दरवर्षी. सडा घातला, आरती लावून उभी राहिले. ढोल आला, आला, गेला. नंदूनं हात हलवला, पुढे चला म्हणून.

आरती तशीच घरात आणली. देव्हाऱ्यापुढे ओवाळली. आमची देवी घरची पण आहे.

वैशाख शुद्ध, कुठली तिथी विसरले. तू बघून घाल

हरेशच्या मुलीचं लग्न ठरलं. सोनलचं. हळद इथेच, पाड्यात, मोठा मंडप. मेरीबायनं बातमी आणली.

मला हसू आलं. पाड्यात धवलारीण कोण? मी. लग्नात धवले म्हणायला, देवांना बोलवायला, मेलेल्यांना बोलवायला दुसरी आहे कोण? माझ्या आधी माझी आई होती. माझ्या मागे तू, पण तुला फक्त राजांच्या गोष्टी पाठ. बामण नसला तर लग्न अर्धं राहील. धवलारीण नसली तर लागतच नाही.

आता येईल कुणीतरी ओट्यावर, असं वाटून नवीन लुगडं काढून ठेवलं.

दोन दिवसांनी

आलं नाही कुणी. लुगडं परत पेटीत.

सोमानं फोन केला. विचारतो, "ताई, भरती किती वाजता?" मी म्हटलं, मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर तुला भरतीशी काय करायचंय? तर म्हणतो, "मीठ कमी पडतंय गो हवेत."

हरेशचा निरोप त्याला पोचलाय. देवळात यायचं, काठीपुढे उभं राहायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं, चुकलो, मी पाटलाला मारलं. मग कुलूप निघेल. सोमा म्हणाला, "मेला त्याचं दुःख आहे, ते सांगीन. पाया पडायला सांगितलं तर पडेन. पण काठी काढली ते चुकलो नाय म्हणणार." माझा भाऊ. बोंबलासारखा दिसतो आणि आतून सगळा काटा.

मला एवढंच पाहिजे. सोमानं आपल्या घरात, आपल्या उशीवर डोकं टेकावं. खोकला वाढलाय ना? तू सांगत नाहीस, पण तू फोनवर लवकर लवकर बोलायला लागलीस की मला कळतं.

हळद

ऐक. बसून ऐक, चहा बाजूला ठेव, सांडशील.

संध्याकाळी मंडपात लाइटी लागल्या. मी ओट्यावर. आणि एकदम माझाच आवाज. माझा! मी इथे तोंड मिटून बसलेली, आणि मंडपात मी गाते आहे. मला वाटलं, गेले मी. मेल्यावर असंच ऐकू येत असेल.

मग कळलं. दोन वर्षांखाली चारकोपच्या लग्नात कुणीतरी माझे धवले फोनमध्ये भरून घेतले होते. तेच मोठ्या भोंग्यावर लावले. मी नको, आवाज चालेल. आवाजाचा हात काठीला लागलेला नाही ना.

खरं सांगू, बरा होता आवाज. मीच ऐकत बसले. ओट्यावर मी एकटी आणि पलीकडे मी सगळ्यांत.

मग आलं नवरीचं नाव घ्यायचं. धवल्यात नवरीचं नाव घ्यावंच लागतं, त्या नावानंच हळद लागते. आणि माझा आवाज म्हणाला, वैशाली.

चारकोपची नवरी वैशाली! इथे सोनल पाटावर, हळद भिजवलेली, बायकांचे हात वर, आणि भोंगा ओरडतोय वैशाली, वैशाली, एकदा नाही, प्रत्येक कडव्याला. नंदू भोंग्याकडे धावला, वायरीत पाय अडकला, मंडपातली लाइट गेली. पण भोंगा बॅटरीवरचा, त्याला कुठे लाइट लागते? वैशाली चालूच.

अपशकुन. आणि त्या गप्प अंधारात एक बाई हसली. मोठ्यानं, पोट धरून, नाकातून वारा सोडत.

ते हसणं मी कुठेही ओळखीन. धर्मी. मासे विकून बोरिवलीच्या बाजारातून परत येताना आम्ही फरसाणवाल्याच्या पायरीवर खांडवी खायचो, त्या पिवळ्या गुंडाळ्या. ती एकेक उलगडायची आणि असंच हसायची. उरलेल्या हरेशसाठी. तो धक्क्यावर उभा असायचा, चड्डी धरून. "मावशी, आनलं काय?"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. हसून. लिही, हसून.

दुसऱ्या दिवशी

मागच्या दारी धर्मी.

किती वर्षांनी तिला जवळून बघितलं. खाली दोन दात राहिलेत. मी म्हटलं, ये. ती उंबऱ्याबाहेरच उभी.

"तू येऊन धवले म्हणशील काय? पोरीची हळद परत लावायची हाय. उद्या लग्न."

"हरेश काय म्हणतो?"

"मंडपात नको म्हणतो. मी म्हटलं, माझ्या पडवीत तर बसेल. पडवी माझी हाय."

तेव्हा मी म्हटलं. म्हणायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. "सोमाला घरी येऊ दे, धर्मे."

तिनं आपली मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली.

"काठी ओढली ते एक वेळ जाऊ दे, काशे. पण बोटं उघडली. त्या दिवसापासून त्याची मूठ वळलीच नाय. घास मी भरवायची. पाटलाला. लहान पोरासारखं."

मी म्हटलं नाही की जागा वाचली. म्हणता आलं असतं. तिच्या पदराला त्याच जागेवरच्या बोंबलांचा वास होता. पण मूठ उघडी धरलेल्या बाईला काय जागेचं सांगायचं?

जाताना तिची नजर फळीवर गेली.

"अजून ठेवलीस ती?"

"रिकामी कशी देऊ?"

गेली. वाटी मागितली नाही.

मी जाणार गायला. अट बिट काही नाही. पोरीनं काय केलंय? ती तेव्हा दुधाच्या दातांची होती.

लग्न

पडवीत पाट मांडला होता. मंडपातून मी कुणाला दिसत नव्हते, कुणी मला दिसत नव्हतं. माइक पाहिजे म्हणून वायर ओढली आणि माझ्या तोंडापुढे माइक धरायला कोण? नंदू. घाम गळत होता बिचाऱ्याचा. म्हटलं, "छत्री कुठे ठेवलीस?"

हळद लावली. सोनल म्हटलं, चांगलं मोठ्यानं. बायका हसल्या, अपशकुन गेला.

मग मेलेल्यांना बोलवायचं. लग्नात ते येतातच, पण नाव घेऊन बोलवावं लागतं, नाहीतर ते दाराबाहेर ताटकळतात. मी आधी जनू पाटलाला बोलावलं. या पाटील, नात पाटावर बसलीय, तुमच्या हातून अक्षता पडू द्या. धर्मी चुलीपाशी होती, तिचा झारा थांबला.

आणि मग मी म्हाताऱ्याला बोलावलं. ठरवून नाही. धवला एका नावावर थांबत नाही, पाटलामागे गाव यायला लागतं. म्हटलं, ये रे. पाटलांच्या मागे ये, चपला बाहेर काढ, हात जोडून ये. आज त्यांची काठी तू धर, त्यांना अक्षता टाकायला हात मोकळा पाहिजे.

माइक नंदूच्या हातातून खाली सरकला. मी त्याच्या मनगटाला धरून ठेवला आणि पुढचं म्हटलं.

कुणी थांबवलं नाही. संपल्यावर वाजंत्री लागली. मला जेवून जा म्हणालं नाही कुणी. घरी आले, मेरीबायचा पाव चहात बुडवून खाल्ला. लग्नाच्या मटणाचा वास पार माझ्या उशीपर्यंत.

वैशाख अमावास्या

हरेश आला. एकटा, छत्रीशिवाय. ओट्याखाली उभा राहिला.

"मावशी, धवल्यात त्याला कशाला बोलावलंस?"

"जिवंतांना तू बोलावतोस, मेलेल्यांना मी. आपापलं काम."

"माझ्या बापाची काठी त्याच्या हातात दिलीस."

"धरायला दिली. घ्यायला नाही."

काहीतरी बोलायचं होतं त्याला. काठी दोन्ही हातांनी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. अगदी बापासारखी. मला भीती वाटली. राग नाही, भीती. या पोराला ती खाली ठेवायला कुणी शिकवलंच नाही.

"सोमाला चुकलो म्हणावं लागेल," म्हणाला.

"आणि नाही म्हणाला तर?"

"कंबर कशी आहे?" विचारलं आणि गेला. मी 'बरी आहे' म्हणेपर्यंत वळणावर पोचला होता.

ज्येष्ठ

होड्या वर ओढल्या. समुद्र बंद. प्रत्येकाच्या ओट्यावर जाळी शिवायला माणसं बसलीत. माझ्या ओट्यावर मांजर.

लग्नानंतर वाटलं होतं, काहीतरी बदलेल. नळावर एक बाई "पाणी आलं काय" एवढं म्हणाली. मी इतकं लांब उत्तर दिलं की ती घाबरून निघून गेली.

घंटा अजून पातळच वाजते.

ज्येष्ठ, पुढे

तुझा फोन. सोमा जेवत नाही. डॉक्टर म्हणाला घरी ठेवा. कुठल्या घरी, ते म्हणाला नाही.

तू म्हणालीस, तो कॅलेंडर मांडीवर घेऊन बसतो आणि खिडकीतून खाली रिक्षा बघत म्हणतो, "आता ओहोटी लागली."

आज काही बोलवत नाही. बंद करते.

आषाढ शुद्ध, भांगाच्या आधीचा दिवस

नयना, हे लगेच ऐक. रविवारपर्यंत थांबू नकोस. विसरू नकोस म्हणून सांगत नाही, तू विसरशीलच, म्हणून मेरीबायच्या मुलाला सांगून तुला दोनदा फोन करायला लावणार आहे.

सकाळी धर्मी आली. मागच्या दारानं नाही. पुढच्या. सगळा पाडा जाळी शिवत बसलेला, त्यांच्यासमोरून, काठी टेकत. साधी काठी, बांबूची. ओट्यावर चढली आणि मांजराला हाकललं.

"वाटी दे," म्हणाली.

मी आत गेले. वाटी घेतली आणि फळीवरचे डबे उघडत सुटले. साखर बघितली, तांदूळ बघितले, जवळा बघितला. काहीच पुरेसं वाटेना. बाहेर येऊन म्हटलं, "काय घालू गो?"

"मासा नको. मासा माझ्या घरात पण हाय." मग खाली बघून म्हणाली, "खांडवी खाऊन किती वर्षं झाली."

मी बसले. ती बसली. पाडा बघत होता. बघू दे.

म्हणाली, "सोमाला रविवारी भरतीला आण. ओहोटीच्या चिखलात उतरायला लावू नको त्याला. मी धक्क्यावर उभी राहीन."

"हरेश?"

"ते मना माहीत नाय. मी त्याला काल बोलले. म्हटलं, तुझ्या बापाची बोटं चारचौघांसमोर उघडली, त्याचं दुःख मी मरेपर्यंत करीन, ते माझं. पण एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला परक्या दारात मरू दिलंस तर ते तुझं. जेवण टाकून उठला."

"कुलूप?"

"नंदूकडे चावी. देतो म्हणतो, देत नाय म्हणतो. नंदूच तो."

तर असं आहे. कुलूप निघेल का, माहीत नाही. सोमा चुकलो म्हणणार नाही, हे माहीत आहे. हरेश धक्क्यावर येईल, तर काठी घेऊन येईल की तशीच, ते बघायचं. धर्मी उभी राहील, तिच्या बाजूला मी. दोन म्हाताऱ्यांचा तट. हसू नकोस.

आता नीट ऐक. सोमाला गाडीनं बोरिवलीपर्यंत आण, कानाला मफलर, उशी बरोबर. माणसानं रिकाम्या हातानं धक्क्यावर उतरू नये, म्हणून डबा त्याच्याच हातात दे. तुमच्या मुलुंडला फरसाणवाले काय कमी आहेत? खांडवी सकाळची ताजी घे, कालची नको, तिला रबर होतं. मिरची काढून टाकायला सांग, धर्मीला दोनच दात आहेत. राई भरपूर. ओलं खोबरं वरून, पण वेगळ्या पुडीत, नाहीतर पाणी सुटतं. एक वाटी मी भरीन, ती तिची.

आणि वाटीपुरती आणू नकोस. मोठा डबा भर. हरेश धक्क्यावर आलाच, तर त्याला लहानपणापासून आवडते.